डोक्यातला माड

आमच्या घरात समुद्र होता, पण पाणी नव्हतं. पाणी गल्लीच्या तोंडाशी, बारा घरांत मिळून असलेल्या एका नळाला यायचं. तेही पहाटे, आणि त्याच्या आधी कळशांची रांग लागायची. समुद्र मात्र आमच्या भिंतीवर कायम टांगलेला असायचा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, आई, आबा आणि मी, त्या समुद्राला पाठ लावून जेवायचो, त्याच्या पायथ्याशी अंथरूण टाकायचो आणि तो वाळायच्या आत कुणाचा हात लागला तर आबांचा मार खायचो. मार खाणारी अर्थातच मी.

आबा पडदे रंगवायचे. आता मोबाइलवर बोट फिरवलं की मागं पॅरिस येतं, त्यामुळे हे सांगावं लागतं. तेव्हा फोटो स्टुडिओत माणसाच्या पाठीमागं एक भलामोठा रंगवलेला पडदा असायचा. त्यावर कुठं बाग, कुठं राजवाड्याचा जिना, कुठं धबधबा. आबांचा हात समुद्रावर बसलेला. आई मांजरपाटाच्या कापडाचे पन्हे शिवून जोडून द्यायची. आबा स्टोव्हवर सरस उकळायचे, त्यात खडूची पूड आणि रंग घोटायचे. सरसाचं पातेलं वेगळं होतं, आमटीचं वेगळं, पण स्टोव्ह एकच. त्यामुळे आमच्या आमटीला जो वास होता तो अख्ख्या पेठेत दुसऱ्या कुणाच्या आमटीला नव्हता. पडदा दहा फूट उंच आणि आमची भिंत सात फूट. म्हणून आबा आधी पाणी गुंडाळून ठेवून आकाश रंगवायचे, मग आकाश गुंडाळून पाणी. स्वतःचा समुद्र एकसंध त्यांना दिसायचा तो पडदा स्टुडिओत टांगल्यावरच, आणि तिथंही गिऱ्हाईक येऊन बसलं की हे दारातून बाजूला व्हायचे.

पावसाळ्यात रंग वाळायचा नाही. चार महिने पडद्याचं काम बंद आणि घर चालायचं ते आईच्या फॉल-पिकोच्या मशीनवर. त्या महिन्यांत आमटीत डाळ शोधायला लागायची. आई म्हणायची, "शोधू नको. बुडाली ती." मशीनची खडखड थांबली की मी डाळीचा डबा उघडून बघायची, कारण मशीन थांबलं म्हणजे काम संपलं. अजूनही कुठं शिलाई मशीन चालू असलेलं ऐकलं की मला आधी जेवण झाल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणजे आमच्यात समुद्र कुणीच बघितला नव्हता. आबांनीही नाही. त्यांनी तो उचलला होता एका बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावरून. डावीकडं किल्ल्याचा बुरूज, उजवीकडं सूर्य, सूर्याच्या खाली माडांची रांग आणि मधे नुसतं पाणी. झाकणावर त्या मधल्या जागेत एक जहाज होतं, ते आबांनी काढून टाकलं. कारण पडदेवाल्याचा धर्मच तो. मधली जागा गिऱ्हाईकाची. मधे काही काढायचं नाही. झाड नाही, खांब नाही, पक्षीसुद्धा नाही. नाहीतर फोटोत नवरीच्या डोक्यातून माड उगवतो आणि नवरदेवाच्या कानातून शिडाची होडी बाहेर पडते. विहारासाठी बोधिवृक्ष रंगवला तोसुद्धा आबांनी मधे मूर्तीपुरती जागा सोडून. ही जागा मोजण्यासाठी लहानपणी मी कामाला यायचे. रंगाच्या डब्यावर मला उभी करायची, शेजारी भिंतीला केरसुणी टेकवायची. मी नवरी, केरसुणी नवरा. आबा खडूनं खुणा करायचे आणि मग म्हणायचे, "हो बाजूला." या "हो बाजूला"वर मी मोठी झाले.

समुद्र आमच्याकडं दुसऱ्या एकाच रूपात यायचा, सुकटीच्या. रविवारच्या बाजारातून आई ओंजळभर सुकट आणायची, तव्यावर लसूण-चटणीत परतायची, आणि सरसाचा वास त्या दिवशी हरायचा. समोरच्या घरातून आबांना हाक यायची, "शामराव, समुद्राला भरती आली जणू!" ही हाक तात्यांची. तात्या मूळचे राधानगरीकडचे शेतकरी, पण एसटीत ड्रायव्हर झाले आणि अर्धा जन्म त्यांनी कोल्हापूर-मालवण गाडी चालवली. आमच्या गल्लीत समुद्र बघितलेला हा एकटा माणूस. त्यामुळे आबांचा प्रत्येक नवा पडदा वाळत घातला की तात्या कमरेवर हात ठेवून तपासणीला हजर.

"शामराव, सूर्य बुडाय लागलाय की तुमचा."

"उगवाय लागलाय त्यो."

"अवो, आपला समुद्र पश्चिमंला. तितं सूर्य बुडतोय. ईस वर्सं बघतोय मी, स्टेरिंगवर बसून."

"स्टेरिंगवर बसून रस्ता बघायचा का सूर्य? म्हनूनच गाडी लेट यायची तुमची."

"ते ऱ्हाऊ द्या. सूर्याच्या खाली ही माडं कसली? समुद्रात माडं लावत्यात व्हय?"

"म्होरं नवरा-नवरी बसत्यात, तात्या. त्यांच्या पाठीमागं सूर्य बुडवू व्हय मी? काय संसार हुईल त्यांचा?"

हा वाद माझ्या जन्माआधी सुरू झाला असावा. दोघांनाही तो मिटवायची घाई नव्हती.

मी बारावी झाले आणि कॉलेजात गेले. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजच्या दारातून आत गेलेलं कुणी नव्हतं. आजोबा गेले होते, पण चुना मारायला. अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी मोठ्या दिमाखात 'चित्रकार' लिहिलं. आबांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, "खोड ते. रंगारी लिही." आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "समुद्रवाले लिही. तेवढंच खरं हाय." शेवटी 'रंगकाम' लिहिलं. अर्ज मंजूर झाला.

दुपारी मी नानांच्या स्टुडिओत जायची. नाना म्हणजे आबांचा पडदा ज्यांच्याकडं टांगलेला असायचा ते मालक. पांढरा शर्ट, पांढरी विजार, आणि दोन्हीवर पानाचे बारीक लाल शिंतोडे. माणूस फणसासारखा, पण गरे शोधायला फार खोल जावं लागायचं. आधी मी पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं लिहायची. मग रोल भरायला शिकले, मग पासपोर्ट फोटो काढायला लागले. "मान वर, हनुवटी खाली, डोळं मिटू नका, काका, फाशी न्हाय द्याला लागलो तुमाला." नाना आतून ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांच्याकडं काही न बोलणं ही शाबासकी होती.

मग रंगीत फोटोंचा जमाना आला आणि लोकांना रंगवलेला समुद्र जुना वाटायला लागला. भिंतभर खऱ्या समुद्राचा फोटो मिळतो असं नानांनी ऐकलं आणि मुंबईहून एक मागवला. फोटो झकास होता. निळं पाणी, खडक आणि बरोब्बर मध्यभागी एक उंच दीपगृह. पहिलं गिऱ्हाईक आलं एक पैलवान, कुठलंसं मैदान मारून, खांद्यावर गदा घेऊन. नानांनी त्याला मधे उभा केला. फोटो धुऊन आला तर दीपगृह पैलवानाच्या फेट्यातून सरळ वर निघालेलं. त्याच्या वस्तादांनी फोटो उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "मालक, आमच्या पोराच्या डोस्क्यात कंदील कशाला लावलाय?"

नानांनी त्याच संध्याकाळी तो समुद्र खाली काढला आणि आबांचा पडदा परत टांगला. मला म्हणाले, "ह्या मुंबईवाल्यांना मधली जागा कळत न्हाय. तुला कळतीया. तू जा. मालवणाकडं चार दिस फिर, दोन रोल देतो, खरा समुद्र आण, मधे मोकळा. जमलं तर बाहेरची समदी कामं तुझी, लग्नं म्हन, कॉलेजं म्हन. न्हाय जमलं तर पाकिटावर नावं लिही जलमभर." त्या काळी बाहेरच्या कामाला कॅमेरा घेऊन जाणारी बाई आमच्या पेठेत कुणी बघितली नव्हती. मी स्टुडिओतून उडतच निघाले. कॅमेरा पिशवीत, पिशवी पोटाशी. निम्म्या वाटेवर, भाजीच्या गाड्यांपाशी, मी थांबले. नव्या समुद्रासाठी जो पडदा कायमचा खाली उतरणार होता तो कुणाचा होता? मी जिंकले की आबा हरणार आणि मी हरले की पाकिटं. असा पेपर कॉलेजातही कुणी काढला नव्हता.

घरी भाकरी आणि सुकटीची चटणी होती. मी तोंडातला घास गिळत नव्हते म्हणून आईनं विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. मशीन थांबलेलं, स्टोव्ह बंद. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "किती फुटांचा करनार हाय नाना?"

"धा बाय बारा. चार पट्ट्यांत छापून येनार, मग भित्तीवर चिकटवायच्या."

"सांधं दिसतील," आबा म्हणाले आणि जेवले. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "जा. बघून ये, माझा बरोबर हाय का."

"तुमी चला की आबा."

"न्हाय. मी बघितला तर हात बिघडंल."

आईनं ताटं गोळा केली. "मी जातो हिच्यासंगट," ती म्हणाली. (आमच्याकडच्या बायका जातो-येतोच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी दचकू नये.) "पोरगी एकटी कुठं जाईल? आन मलाबी एकदा बघू दे सवतीचं त्वांड. पंचवीस वर्सं घरात घिऊन बसलायसा."

तात्यांनी सगळी व्यवस्था लावून दिली. मालवणात एक माई म्हणून बाई होत्या, त्यांच्या खानावळीत एसटीचे ड्रायव्हर जेवायचे, तिथं राहायचं. आणि मला बजावून सांगितलं, "सूर्य कुटं बुडतोय त्येचा फोटो आन. ह्या शामरावाच्या नाकासमोर धरतो."

गाडी राधानगरीवरून घाटाला लागली तशी आईनं डोळे मिटले आणि लिंबू नाकाला लावलं, ते खाली कोकणात उतरल्यावरच काढलं. मालवणला बंदरावर गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते, तरी मी बघितली ती आईच. तिला मी कधी अशी तोंड उघडं टाकून उभी राहिलेली पाहिली नव्हती.

"एवढं पानी," ती म्हणाली, "आन रांग न्हाय."

मग खाली वाकून तिनं ओंजळ भरली, चव घेतली आणि थुंकली. "तरीच."

चार दिवस आम्ही फिरलो. एका दिवशी वेंगुर्ल्याला गेलो. तिथं जुनं बंदर, जांभ्या दगडाची घरं आणि वडाच्या पारंब्यांनी गिळत आणलेली परदेशी व्यापाऱ्यांची वखार. दुसऱ्या दिवशी विजयदुर्गला, तिथं किल्ल्याची तटबंदी एखाद्या बाईनं पाण्यात पाय सोडून बसावं तशी बसलेली. माई सकाळी आंबोळ्या घालायच्या आणि संध्याकाळी ताज्या बांगड्याचं झणझणीत तिखलं. आईनं पहिल्या घासालाच जाहीर केलं की सुकटीला चव जास्त. माईंनी तो अपमान हसत गिळला, पण दुसऱ्या दिवशी बांगडा जास्त वाढला.

आता माझं काम कसं चाललं होतं ते सांगते. समुद्राचा फोटो काढायला माणसं जातात ती लाटा बघतात, उजेड बघतात. मी आधी मधली जागा बघायची. डावीकडं काहीतरी उभं पाहिजे, उजवीकडं काहीतरी आडवं पाहिजे आणि मधे दोन खुर्च्यांचं पाणी. ते मोजायला माणूस पाहिजे. मग आईला उभी करायची. "जरा डावीकडं. आणखी. बास." कॅमेऱ्यातून बघून जागा धरायची आणि म्हणायचं, "हो बाजूला!" की आई बाजूला, आणि मी खटका दाबायची. दर फोटोला असं. विजयदुर्गच्या बंदरात मासे निवडणाऱ्या बायका हातातलं काम टाकून हा खेळ बघत बसल्या. शेवटी एकीनं न राहवून विचारलंच, पोरगी आईला सारखी पळवते कशाला म्हणून.

"गो बाय, तुजां चेडू तुका एकसारख्या पळवता कित्याक?"

"माप घेतीया," आई धापा टाकत म्हणाली. "हितं नवरी बसनार हाय."

"खंय आसा न्हवरी?"

"कोल्हापुरात!"

त्या बायका जे हसायला लागल्या ते आम्ही एसटीत बसेपर्यंत हसत होत्या. आई मात्र गाडीत माझ्यावर उखडली. "उभी ऱ्हा, हो बाजूला. उभी ऱ्हा, हो बाजूला. मी काय मेंढरू हाय? उद्यापासनं केरसुनी आन."

सूर्यानं मात्र तात्यांचीच बाजू घेतली. रोज संध्याकाळी तो समुद्रात बुडायचा, आणि बुडताना खाली माड तर सोडाच, गवताचं पातंही नाही. मी बुडता सूर्य काढलाच नाही. नवरा-नवरीच्या मागं तो चालणार नव्हता हे एक. दुसरं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. आबांच्या नाकासमोर धरायचा फोटो मला काढायचा नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारची गाडी होती आणि रोलमध्ये तीन फोटो उरले होते. मालवणच्या समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे, तो राहिला होता. किल्ल्याच्या आत काही घरं आहेत, त्यांना सामान पोचवणारी होडी भल्या सकाळी जायची. माईंच्या ओळखीनं तिच्यात बसलो. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं. आईनं होडीत बसल्यापासून दोन्ही हातांनी फळी धरली होती. तटावर चढल्यावर मी सरळ पश्चिमेचा समुद्र गाठला, कारण समुद्र तिकडं. तिकडं नुसता करडेपणा होता, डावीकडं काही नाही, उजवीकडं काही नाही. आई माझ्या मागं मागं येईना. ती तटाच्या दुसऱ्या अंगाला उभी होती, किनाऱ्याकडं तोंड करून. होडी आपल्याला टाकून जाते की काय, एवढ्या एकाच काळजीनं ती तिकडं बघत होती.

"सुजे," तिनं हाक मारली. "हिकडं ये."

"थांब की, जागा बघतोय."

"हिकडं ये म्हनलं ना!"

मी गेले. डावीकडं किल्ल्याचा बुरूज होता, काळा, ओला. मधे पाणी होतं, अगदी मोकळं. आणि पाण्यापलीकडं, उजव्या हाताला, मालवणच्या किनाऱ्यावरच्या माडांची रांग होती आणि त्या माडांच्या डोक्यावर नुकताच सूर्य आला होता. उगवता.

आई तटाच्या दगडावर बसली, पदर तोंडाला लावून. मला वाटलं रडते आहे. बघितलं तर हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी. "ह्यो आपल्या भित्तीवरचा," ती म्हणाली. "आगं, ह्यो आपल्या भित्तीवरचा! ह्येच्याखाली तुला न्हाऊ घातलंय मी."

"आई, मधे उभी ऱ्हा लवकर. सूर्य वर चाललाय."

"न्हाय. आता मी उठत न्हाय. तुला जागा ठावं हाय. काढ."

ती उठली नाही. मी मापाशिवाय तीन फोटो काढले. मग रोल संपला आणि आम्ही दोघी होडीवाला बोंबलेपर्यंत तिथंच बसून राहिलो.

कोल्हापुरात रोल धुतले, फोटो हातात आले आणि नानांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. माझ्या कॅमेऱ्यातून डोळ्याला जेवढं दिसायचं त्याहून कडेला थोडं जास्तच फिल्मवर उतरायचं. हे मला माहीत होतं. पण स्टुडिओत कडेला पडदाच असतो, त्यामुळे कधी नडलं नव्हतं. समुद्राच्या कडेला मात्र आई होती. मी "हो बाजूला" म्हटल्यावर ती मला दिसेनाशी झाली की मी खटका दाबायची. मला दिसेनाशी व्हायची, कॅमेऱ्याला नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरात उजवीकडून निळ्या पदराचं टोक आत आलेलं. विजयदुर्गच्या तटाला आईची कापडी पिशवी लटकलेली. एका फोटोत अख्खा अरबी समुद्र आणि कोपऱ्यात एक चप्पल.

"ही चप्पल कुनाची?"

"आईची."

"ह्यो हात?"

"आईचाच."

"पोरी, मी समुद्र आनाय धाडलं हुतं का साडीचं दुकान?" नानांनी गठ्ठा टेबलावर आपटला. माझ्या डोळ्यांसमोर पाकिटांचे ढीग उभे राहिले. तेवढ्यात गठ्ठ्यातले खालचे तीन फोटो बाहेर सरकले. नानांनी एक उचलला. कडा बघितल्या. पदर नाही, पिशवी नाही. मग मधली जागा बघितली. मग मान वर करून भिंतीवरचा आबांचा पडदा बघितला, पुन्हा फोटो, पुन्हा पडदा.

"अगं ए," ते म्हणाले, "ह्यो तर ह्योच हाय."

"व्हय."

"म्हंजे चार दिस मालवणला धाडून मी माझाच पडदा मागवला?"

"व्हय नाना."

नाना आधी पानाची पिचकारी मारून आले. मग खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. "बोलव तुझ्या बापाला," ते म्हणाले.

आबा आले, आणि न बोलावता तात्याही आले. आबांनी फोटो खिडकीपाशी नेला. मला वाटलं सूर्य बघतील, माड बघतील, तात्यांकडं एक नजर टाकतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. ते पाणी बघत होते, उन्हाची तिरीप पाण्यावर कशी पडली आहे ते. "अशी तुटती व्हय," ते स्वतःशी म्हणाले. "मी सरळ वडत हुतो. चुकलंच की माझं." इतक्या वर्षांचा वाद जिंकला होता आणि हा माणूस स्वतःची चूक शोधत होता. तात्यांनी फोटो हिसकावून घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"ही आपली मालवणची बाजू. ह्या माडांच्या मागंच स्टँड. हितंच गाडी लावायचो मी," ते म्हणाले. मग आवाज जरा खाली आला. "ईस वर्सं गाडीकडनं समुद्र बघितला, शामराव. समुद्राकडनं गाडी न्हाय बघितली."

"मग?" आबा म्हणाले.

"मग काय? उगवतोय त्यो. च्या पाजा."

फोटो मोठा होऊन चार पट्ट्यांत आला, भिंतीवर चिकटवला, आणि आबा म्हणाले होते तसे सांधे दिसले. एक तर बरोबर नवरीच्या डोक्यातून वर निघायचा. नानांनी दोन दिवस तो दिसत नाही असं स्वतःला समजावलं, तिसऱ्या दिवशी आबांना निरोप धाडला. आबांनी स्टुडिओच्या मागच्या बाजूला सरस उकळला आणि आठवडाभर सांध्यांवरून ब्रश फिरवला. पाणी त्यांनी आता तुटकं रंगवलं. जाता जाता माडही जरा खाली घेतले, कारण "नवरा उंच असला तर शेंडं कानाला लागत्यात." काम झाल्यावर माझा समुद्र कुठं संपतो आणि आबांचा कुठं सुरू होतो ते नानांना सांगता येईना, मलाही नाही. त्यानंतर गावातल्या जेवढ्या स्टुडिओंनी भिंतभर फोटो लावले तेवढ्यांचे सांधे जुळवायला आबाच गेले. पाऊस असला तरी आत काम चालायचं. जुना पडदा घरी आला आणि परत आमच्या भिंतीवर लागला, पाणी खाली गुंडाळून.

बाहेरची कामं मला मिळाली. नाना शब्दाला जागले. आणि त्या वाया गेलेल्या फोटोंचं सांगायचं तर ते वाया गेले नाहीत. पुढं प्रवासाच्या पुस्तकांसाठी मी गुजरातेपासून केरळापर्यंतचा किनारा फिरले, पण माझे म्हणून लोक ओळखतात ते फोटो तेच. रिकामं बंदर, रिकामा तट आणि कडेला उडणारा निळा पदर. परवा एका प्रदर्शनात एका जाणत्या गृहस्थांनी मला विचारलं, "ही कडेची अर्धी आकृती म्हणजे अनुपस्थितीचं सूचन आहे ना?" मी म्हटलं, "नाही हो, माझ्या आईला वेळेवर बाजूला होता आलं नाही." त्यांना मी विनयशील वाटले.

मालवणहून आल्यावर दुसऱ्या वर्षी माझा निकाल लागला. नानांनी कुणाचा तरी काळा झगा मागून आणला, मला घालायला लावला आणि कॅमेऱ्यामागं स्वतः उभे राहिले. "तिघंबी मधी या," ते म्हणाले. आई पटकन येऊन बसली, तिला आता सवय होती. आबा भिंतीवरच्या समुद्राच्या कडेलाच उभे. ज्या जागेत आयुष्यभर त्यांनी काही काढलं नव्हतं तिथं पाय टाकायला त्यांचा जीव होईना. मी हात धरून ओढलं तेव्हा आले, खुर्चीवर टेकले आणि लगेच मान वळवून मागं बघायला लागले.

"शामराव, म्होरं बघा," नाना ओरडले.

"थांबा की. आदी सांगा, डोस्क्यातनं माड उगवत न्हाय न्हवं?"

"न्हाय!"

"मग काढा."

नानांनी फोटो काढला. त्यात आम्ही तिघं मधे आहोत. आमच्या घरात बी. ए. झालेली मी पहिली.